वाटेकरी : शरदातील एका सुगीचा इतिहास

वाल्या कोळ्याची कथा मराठी मुलाला अक्षरओळखीच्याही आधी भेटते. रानात वाटसरूंना लुटणाऱ्या वाल्याला नारद एकच प्रश्न विचारतो : ज्यांच्यासाठी तू हे सारे करतोस, ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्या घरी जातो, बायकोमुलांना विचारतो आणि त्याला कळते की आणलेल्या अन्नाचे वाटेकरी सगळेच आहेत, पापाचा मात्र कोणी नाही. आदिकवीची कथा या नकारापासून सुरू होते, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नकोच. मात्र या कथेमुळे 'वाटेकरी' हा शब्द मराठीत एक विशिष्ट कडवटपणा घेऊन वावरतो, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. 'भागीदार' म्हटले की नफा आठवतो. 'वाटेकरी' म्हटले की प्रथम प्रश्न उभा राहतो, वाटा नेमका कशात?

प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न शेतीच्या अर्वाचीन इतिहासात नेऊन पाहणार आहोत. जो पीक खातो तो पिकाच्या नुकसानीचाही वाटेकरी असतो काय? बाजाराचे उत्तर सरळ आहे : नसतो. ग्राहक पैसे मोजतो, भाजी पिशवीत टाकतो आणि तेथे संबंध संपतो. गारपीट, करपा, अवकाळी पाऊस हे सारे विकणाऱ्याच्या नशिबाचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या तीनचार कोपऱ्यांतील काही माणसांनी याच प्रश्नाला वेगळे उत्तर द्यायचे ठरवले. त्यांच्या प्रयोगाला इंग्रजीत 'कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर', संक्षेपाने 'सीएसए', असे नाव मिळाले. त्या उत्तराची कसोटी दरवर्षी एका विशिष्ट ऋतूत लागते. तो ऋतू म्हणजे उत्तरेकडील शरदाचा आरंभ. म्हणून आम्हीही आरंभ एका शरदापासूनच करतो.

*

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, बर्कशर टेकड्यांच्या पायथ्याशी साउथ एग्रिमाँट हे छोटे गाव आहे. तेथे 'इंडियन लाइन फार्म' नावाचे एक शेत आहे. (नावातील 'इंडियन' आपण नव्हे, तो निर्देश त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा.) १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे शेत रॉबिन व्हॅन एन या बाईंनी घेतले. त्या पूर्वी बालवाडीच्या शिक्षिका होत्या. १९८५ साली त्यांची गाठ यान व्हँडर टुइन या तरुणाशी पडली. तो स्वित्झर्लंडमध्ये काही काळ राहून आला होता. तेथील काही शेतांवर खाणारे लोक वर्षाच्या सुरुवातीलाच शेतीचा खर्च आपसांत वाटून घेतात आणि मग पिकेल ते वाटून नेतात, हे त्याने पाहिले होते. व्हॅन एन यांच्या स्वयंपाकघरात, शेजारपाजारच्या काही मंडळींसह, या कल्पनेवर चर्चा झाली आणि तिला अमेरिकेत रुजवण्याचे ठरले.

भाजीपाल्याचा हंगाम तोवर निघून गेला होता. म्हणून आरंभ केला तो सफरचंदांपासून. त्या शरदात एका लहानशा बागेतील सफरचंदांचे तीस वाटे विकले गेले. 'विकले' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आणि लगेच मागेही घेतो. कारण त्या तीस कुटुंबांनी सफरचंदे विकत घेतली असे म्हणता येत नाही. त्यांनी त्या बागेच्या त्या वर्षातील वाटा घेतला. वाट्यात साठवणीची सफरचंदे आली, ताजा रस आला, आंबवलेला रस आला आणि शिरकाही आला. सफरचंदाच्या बागेचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला या यादीचा अर्थ लगेच कळेल. बाजार फक्त देखणे फळ घेतो. डाग पडलेले, गळून पडलेले, वेडेवाकडे फळ बाजाराच्या लेखी नसतेच. वाटेकऱ्याकडे मात्र तेच फळ रस होऊन जाते, शिरका होऊन जाते. बागेने जे दिले ते सगळेच वाटले गेले. पुढच्या वसंतात, १९८६ साली, भाजीपाल्याची लागवड सुरू झाली.

त्याच वर्षी शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यात टेंपल आणि विल्टन या गावांच्या परिसरात दुसरे एक शेत स्वतंत्रपणे याच वाटेने निघाले. त्याच्या तीन संस्थापकांपैकी ट्राउगर ग्रोह हे जर्मनीतून आलेले शेतकरी होते. रुडॉल्फ श्टाइनर यांनी १९२४ साली दिलेल्या कृषिविषयक व्याख्यानांतून निघालेल्या जैवगतिक शेतीची परंपरा त्यांच्या मागे होती. या शेताची रीत अधिक धीट होती. वर्षारंभी सदस्यांच्या सभेत शेतकरी येत्या वर्षाचे अंदाजपत्रक वाचून दाखवतात : बियाणे, चारा, यंत्रांची दुरुस्ती आणि स्वतःच्या कुटुंबांचा चरितार्थ. मग प्रत्येक सदस्य आपल्या ऐपतीनुसार किती देणार ते सांगतो. बेरीज कमी पडली तर पुन्हा एक फेरी होते. रक्कम जुळली की पैशाचा विषय मिटतो. त्यानंतर कोणी किती नेले याचा ताळा दिलेल्या रकमेशी घातला जात नाही. ज्याला जितके लागेल तितके त्याने न्यावे. येथे भाजीला किंमत नाही, किंमत आहे ती शेती जिवंत ठेवण्याची. आमच्या मते या चळवळीच्या इतिहासातील ही सर्वांत मूलगामी कल्पना होय; आणि तिचे अनुकरण सर्वांत कमी झाले, हेही नोंदवले पाहिजे.

नावाविषयी थोडे. 'सपोर्टेड' या कर्मणी धातुसाधिताचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्याला अडखळायला होते. 'समाजाधारित' म्हटले तर सरकारी परिपत्रकाचा वास येतो. 'समाजाश्रित' म्हटले तर शेतकरी आश्रित ठरतो. आपल्याकडे कलांच्या इतिहासात राजाश्रय आणि लोकाश्रय अशी जोडी रूढ आहे. दरबार ओसरल्यावर शाहीर, कीर्तनकार आणि नाटक मंडळ्या लोकाश्रयावर जगल्या, असे आपण शिकवतो. या शब्दातील 'आश्रय' देणाऱ्याला वर ठेवतो आणि घेणाऱ्याला खाली. व्हॅन एन यांना ही अडचण जाणवली असावी. कारण हे नाव उलटही वाचता येते, समाजाने पोसलेली शेती आणि शेतीने पोसलेला समाज, असे त्या सांगत असत. म्हणून आम्ही येथे अनुवादाचा नाद सोडून 'वाट्याची शेती' असा साधा शब्दप्रयोग करतो.

*

सदस्याचे जीवन प्रत्यक्षात कसे असते हे पाहायचे तर सप्टेंबरकडे वळावे लागते. ईशान्य अमेरिकेत हा महिना दोन ऋतूंच्या सीमेवर उभा असतो. उन्हाळ्याचे टोमॅटो, मिरच्या, वांगी अद्याप झाडांवर असतात आणि शरदातील गाजर, बीट, सलगम, लीक, पानकोबी यांची काढणी सुरू झालेली असते. लाल भोपळ्याचे नाना जातभाई वेलींवरून उतरवून देठ सुकवण्यासाठी पसरलेले असतात. एकाच खोक्यात दोन्ही ऋतू मावतात, म्हणून वर्षातला सर्वांत जड वाटा या दिवसांत मिळतो. पण डोळे आकाशाकडे असतात. बर्कशरच्या खोलगट भागात सप्टेंबर अखेरीपासून केव्हाही पहिले कडक दहिवर पडू शकते, आणि ते पडले की टोमॅटोची झाडे एका रात्रीत काळी पडतात. तशी चिन्हे दिसली की असेल नसेल तेवढे फळ, पिकलेले नि हिरवे, संध्याकाळच्या आत तोडून घ्यावे लागते.

आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी सदस्य शेतावर किंवा गावातील ठरलेल्या जागी येतात. कोठारात टोपल्या मांडलेल्या असतात, फळ्यावर त्या दिवसाचा वाटा लिहिलेला असतो : गाजरे इतकी, बीटची जुडी एक, भोपळे दोन, पालेभाजी हवी तितकी. बरोबर बहुधा एक पत्रक असते. त्यात शेतावरील आठवड्याची हकीकत आणि अनोळखी भाजीची कृती. या पत्रकांचा अभ्यास साहित्याच्या विद्यार्थ्याने केला पाहिजे असे आम्हांला वाटते. कारण शेतकऱ्याने खाणाऱ्याला उद्देशून नियमितपणे लिहावे, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. पाऊस लांबला, कोवळ्या रोपांवर भुंगेरे पडले, हरणांनी बीटचा वाफा फस्त केला, अशी ही रोजनिशी वाचणाऱ्याच्या पानातील उणीव समजावून सांगते. बाजारात उणिवेला कारण नसते, तिला फक्त भाव असतो. येथे उणिवेला कथा असते.

या जीवनात काम हाही एक वाटा आहे. न्यूयॉर्क राज्यात १९८९ साली सुरू झालेल्या आणि एलिझाबेथ हेंडरसन या शेतकरी-लेखिकेच्या नावाशी जोडल्या गेलेल्या जेनेसी व्हॅली येथील संघात सदस्यांनी वर्षातून काही तास शेतावर काम करणे ही सदस्यत्वाची अटच होती. ज्याने एकदा सकाळी उठून दवाने भिजलेल्या वाफ्यातून पाने खुडली, तो महाग-स्वस्त हे शब्द जरा जपून वापरू लागतो. इतरत्र मात्र काम ऐच्छिक झाले, पुढे औपचारिक झाले आणि कित्येक ठिकाणी उरलेच नाही.

*

वंशावळीचा प्रश्न आता घेतला पाहिजे, कारण याबाबतीत अनेक वर्षे एक सोयीस्कर कथा सांगितली गेली. ती अशी : ही कल्पना जपानात जन्मली, युरोपात गेली आणि तेथून अमेरिकेत आली. पुढील संशोधनाने दाखवले की अमेरिकेतील पहिल्या दोन शेतांना थेट प्रेरणा मिळाली ती स्वित्झर्लंड आणि जर्मनीतून. जिनिव्हाजवळचे 'जार्दँ द कोकाञ' हे शेत १९७८ पासून चालू होते. जपानी चळवळ स्वतंत्रपणे वाढली होती. तरीही तिचा विचार टाळता येत नाही, कारण वाटेकरी या शब्दाचा अर्थ तिने फार लवकर आणि फार काटेकोरपणे मांडला.

जपानात १९५० च्या दशकापासून मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेसारख्या घटनांनी लोक हादरले होते. १९७१ साली सहकारी चळवळीतील नेते तेरुओ इचिराकु यांच्या पुढाकाराने जपानी सेंद्रिय कृषी संघ स्थापन झाला. पाठोपाठ, १९७४ च्या शरदात, सावाको आरियोशी या कादंबरीकर्तीची 'संमिश्र प्रदूषण' या अर्थाच्या शीर्षकाची लेखमालावजा कादंबरी 'असाही शिंबुन' या दैनिकात क्रमशः येऊ लागली आणि रसायनांचा प्रश्न घराघरांत पोहोचला. एखाद्या कादंबरीने स्वयंपाकघरातील खरेदी बदलावी, हे आमच्या वाचकांना विशेष वाटेल. शहरातील गृहिणींचे गट आणि खेड्यातील शेतकरी यांच्यात जे करार झाले त्यांना 'तेइकेइ' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'शेतकऱ्याचा चेहरा असलेले अन्न' असा पुष्कळदा दिला जातो; तो भावार्थ आहे, शब्दार्थ नव्हे. मूळ शब्द साधा आहे : हातमिळवणी, सहयोग. तो ज्या दोन चित्राक्षरांनी लिहिला जातो त्या दोहोंतही 'हात' हा घटक आहे. १९७८ साली या संघाने तेइकेइची दहा तत्त्वे मांडली. त्यांतील एक असे की ठरवून पिकवलेला सगळा माल खाणाऱ्यांनी उचलावा. सफरचंदाचा शिरका याच तत्त्वाचा दुसरा अवतार नव्हे काय?

या चळवळीची उतरणही बोलकी आहे. मालाची वाटणी, हिशेब, फोन, टेंपोतून उतरवून घेणे ही कामे घरी असणाऱ्या स्त्रिया बिनमोल करीत होत्या. पुढील दशकांत त्या मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या आणि अनेक गट क्षीण झाले. सहभागाचा डोलारा कोणाच्या न मोजलेल्या श्रमावर उभा होता, हे तो कलू लागल्यावर दिसले.

दुसरा पूर्वज अधिक दुर्लक्षित राहिला. अलाबामातील टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' (१९८१) या चरित्रामुळे घरच्यासारखे आहे. याच टस्कीगी संस्थेत पुढे बुकर टी. व्हॉटली हे कृष्णवर्णीय उद्यानविद्यातज्ज्ञ प्राध्यापक होते. लहान कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या हातून जमीन झपाट्याने निसटत होती. बँका त्यांना उभे करीत नव्हत्या आणि सरकारी कृषी खाते उघड भेदभाव करीत होते. व्हॉटली यांनी सुचवले की अशा शेतकऱ्याने शहराच्या आवाक्यात राहावे, अनेक पिके घ्यावीत आणि कुटुंबांचे सदस्यमंडळ उभारावे. सदस्यांनी वार्षिक वर्गणी आगाऊ भरावी आणि स्वतः येऊन तोडणी करावी. त्यांचे पुस्तक १९८७ साली निघाले, पण विचार त्याआधी कित्येक वर्षे ते मांडत होते. व्हॉटलींच्या योजनेत नुकसानीची वाटणी अशी स्पष्ट नव्हती; हमीचे गिऱ्हाईक हा तिचा गाभा होता. तरीही आगाऊ वर्गणी आणि सदस्यत्व या दोन्ही गोष्टी तेथे होत्या. न्यू इंग्लंडच्या टेकड्यांवरून सांगितल्या गेलेल्या इतिहासात हे नाव फार उशिरा आले.

*

आता एका योगायोगाकडे वळू. इंडियन लाइनच्या सफरचंदांचे वाटे पडले ते वर्ष १९८५. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील ली परगण्यात 'न्यू कम्युनिटीज' नावाच्या संस्थेची पाच हजार एकरांहून मोठी शेतजमीन कर्जापोटी गेली. नागरी हक्क चळवळीतील चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग आदी कार्यकर्त्यांनी १९६९ साली ती उभारली होती. हक्कांसाठी लढले म्हणून ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांना जमिनीवरून हुसकले जाई, त्यांना सामूहिक मालकीची जमीन मिळावी हा हेतू. पुढे अवर्षण आले. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना मिळणारे तातडीचे सरकारी कर्ज यांना वेळेवर मिळाले नाही आणि जमीन गेली. हा भेदभाव होता, हे सरकारशी झालेल्या दाव्यात मान्य होऊन २००९ साली त्यांना एक कोटी वीस लाख डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय झाला.

न्यू कम्युनिटीजच्या उभारणीत रॉबर्ट स्वॉन नावाचे एक गोरे गांधीवादी होते. दुसऱ्या महायुद्धात लढण्यास नकार दिल्याबद्दल ते तुरुंगात गेले होते. जमीन कोणा एकाची नसावी, ती विश्वस्त संस्थेकडे राहावी आणि कसणाऱ्याला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळावी, हा त्यांचा विचार. त्याची एक प्रेरणा इस्राएलमधील जमीन-पट्ट्यांची पद्धत होती. ती पाहण्यासाठी १९६८ साली ही मंडळी तेथे गेली होती. दुसरी प्रेरणा होती विनोबांचे ग्रामदान. पोचमपल्लीत १९५१ साली सुरू झालेल्या भूदानातून पुढे ग्रामदान निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. 'गीताई'कार विनोबांचा हा विचार, आपल्याकडे ज्याची गणना आता बहुधा फसलेल्या स्वप्नांत होते, अटलांटिकपलीकडे कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या हाती पोहोचला होता. हेच स्वॉन १९८० साली साउथ एग्रिमाँटच्या परिसरात स्थायिक झाले. तेथेही त्यांनी जमिनीचा विश्वस्त निधी स्थापन केला आणि 'स्मॉल इज ब्यूटिफुल' लिहिणाऱ्या शूमाखर यांच्या नावाची संस्था सुरू केली. वाट्याच्या शेतीची कल्पना रुजली ती या शेजारात.

दोन्ही हकीकती शेजारी ठेवल्या की चित्र स्वच्छ दिसते. एका ठिकाणी पीक बुडाले आणि वाटेकरी म्हणून उभे राहायला कोणी नव्हते. दुसऱ्या ठिकाणी पीक येण्यापूर्वीच तीस घरे वाटेकरी झाली होती. फरक कष्टाचा नव्हता, कल्पनेचाही नव्हता. शेजारी कोण आहे आणि त्याच्या हातात आगाऊ देण्याइतके पैसे आहेत काय, एवढाच होता. वाट्याच्या शेतीचे कौतुक करताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

*

आणि खुद्द वाटेकऱ्यांचे काय? ते कसोटीला उतरले काय? उत्तर एकेरी नाही.

२००९ च्या ओल्या उन्हाळ्यात ईशान्य अमेरिकेत टोमॅटोवर उशिरा येणारा करपा फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणावर पसरला. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचा घास घेणारा तोच हा रोगजंतू. मोठ्या साखळी दुकानांतून परसबागांसाठी विकल्या गेलेल्या रोपांमुळे त्याच्या प्रसाराला हातभार लागला. ज्या खोक्यांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टोमॅटो मावू नयेत, ती खोकी अनेक शेतांवर टोमॅटोविना गेली. दोनच वर्षांनी, २०११ च्या ऑगस्टअखेरीस, आयरीन वादळाने व्हरमाँटमधील नद्या फुगल्या. बर्लिंग्टनजवळ विनूस्की नदीकाठची इंटरव्हेलची शेते ऐन सुगीच्या तोंडावर पाण्याखाली गेली. पुराचे पाणी लागलेली भाजी विकण्यास नियमाने मनाई आहे. डोळ्यांना धडधाकट दिसणारे पीकही टाकून द्यावे लागते. अशा वेळी आगाऊ दिलेले पैसे कसलेले आहेत हे कळते. ते भाजीचे असतील तर शेतकरी ऋणको ठरतो. ते वाट्याचे असतील तर सदस्यही बुडालेल्या शेताचा धनी असतो.

तत्त्व असे असले तरी आचरण नेहमी तसे राहिले नाही. मिशिगनमधील मानवशास्त्रज्ञ लॉरा डीलिंड यांनी स्वतः अशा एका शेताच्या उभारणीत काही वर्षे घालवली आणि १९९९ साली त्यावर लेख लिहिला. शीर्षकातच त्या स्वतःला मार खाल्लेली आणि काहीशी शहाणी झालेली मानवशास्त्रज्ञ म्हणवतात. पुढील लेखनातही त्यांचा निष्कर्ष असाच आहे की भाजीपेक्षा बरेच अधिक मिळाले, पण ज्याला समुदाय म्हणावे त्याहून पुष्कळच कमी. सदस्य येतात, खोके नेतात आणि दोनचार वर्षांत गळतात. नको असलेले नवलकोल आणि न संपणारी पालेभाजी हे नाराजीचे नेहमीचे विषय. मग शेते सदस्यांना निवड देऊ लागली, घरपोच सेवा देऊ लागली, इतर शेतांचा माल खोक्यात घालू लागली. वाटा हळूहळू पुन्हा माल झाला. आकडेही याच गोंधळाची साक्ष देतात. अमेरिकेच्या २०१२ च्या कृषिगणनेत या मार्गाने माल देणारी १२,६१७ शेते नोंदली गेली. २०१५ च्या सरकारी पाहणीत ही संख्या ७,३९८ भरली. तीन वर्षांत इतकी शेते नाहीशी झाली असा याचा अर्थ लावणे घाईचे होईल. प्रश्न कसा विचारला जातो आणि वाट्याची शेती कशाला म्हणायचे, यावरच मोजणी ठरते.

*

येथवर वाचून आमच्या वाचकांपैकी काहींच्या ओठांवर एक वाक्य आले असेल : यात नवीन ते काय, हे तर आपले बलुते! कबूल करतो, आम्हीही वर्गात हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. सुगीला खळ्यावर रास पडते, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आपापला वाटा नेतात; पैशाची गाठ नाही, हिशेब वर्षाचा. साम्य डोळ्यांत भरणारे आहे. पण त्याच खळ्याची दोन वर्णने शेजारी ठेवून वाचावीत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात महसूल खात्याच्या जाणत्या नजरेने पाहिलेला, वाटे देता देता जेरीस आलेला कुणबी आहे. दया पवार यांच्या आत्मकथनाला 'बलुतं' (१९७८) हे नाव आहे, आणि त्या एका शब्दात वाटा मागायला खळ्याबाहेर उभ्या राहणाऱ्याचे सारे जिणे आले आहे. पीक बुडाले की बलुतेदाराचा वाटाही बुडे. म्हणजे तो नुकसानीचा वाटेकरी होताच. निर्णयाचा मात्र कधीच नव्हता. त्याने सभेत अंदाजपत्रक ऐकले नव्हते, रक्कम स्वतः ठरवली नव्हती आणि पुढच्या वर्षी सदस्यत्व सोडून देण्याची मुभा त्याला नव्हती. त्याचा वाटा जन्माने ठरलेला होता.

म्हणून टेंपल-विल्टनच्या सभेतील ती दुसरी फेरी आम्हांला इतकी महत्त्वाची वाटते. वाटेकरी होणे म्हणजे आधी विचारले जाणे, आणि नाही म्हणण्याची मुभा असतानाही हो म्हणणे. वाल्याच्या घरच्यांना नारदाच्या सांगण्यावरून का होईना, निदान एकदा विचारले तरी गेले. आपल्याला तेही घडत नाही. कांद्याचा भाव कोसळून तो बांधावर ओतला जातो त्या आठवड्यात शहरातील आपण स्वस्त कांदा आनंदाने भरून आणतो. तुम्ही या नुकसानीचे वाटेकरी आहात काय, असे दारात येऊन विचारणारा कोणी नसतो. विचारले तर आम्ही काय उत्तर देऊ, याची आम्हांला खात्री नाही.

*

इंडियन लाइनची पुढील हकीकत सांगून थांबतो. १९९० साली मूळ गट ते शेत सोडून जवळच दुसऱ्या नावाने काम करू लागला. पिकाचे वाटे पडले होते, जमिनीचे पडले नव्हते. व्हॅन एन यांनी पुढील वर्षे देशभर हिंडून ही कल्पना सांगण्यात घालवली आणि जानेवारी १९९७ मध्ये दम्याच्या झटक्याने त्या गेल्या. वय अवघे अठ्ठेचाळीस. हेंडरसन यांच्याबरोबरचे त्यांचे पुस्तक १९९९ साली, त्यांच्या पश्चात निघाले. त्याच वर्षी शेताचाही निकाल लागला. जमीन स्वॉन यांनी स्थापलेल्या विश्वस्त निधीने घेतली, एका निसर्गसंरक्षण संस्थेने तिच्यावर संरक्षणाचे बंधन घातले, आणि तेथे आधीच राबणाऱ्या एका शेतकरी जोडप्याला ती नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने मिळाली. घर आणि गोठा त्यांच्या मालकीचे, माती कोणाचीच नाही. जॉर्जियात गमावलेला विचार अशा रीतीने मॅसॅच्युसेट्समध्ये जमिनीवर टिकला. पुढे २०११ साली न्यू कम्युनिटीजनेही भरपाईच्या पैशातून ऑल्बनीजवळ सुमारे सोळाशे एकर जमीन घेतली. एके काळी ती गुलामांच्या श्रमावर चाललेली मळेवाल्याची जमीन होती.

त्या भागात ऑक्टोबरमध्ये, भोपळे कोठारात गेल्यावर आणि शेवटचे वाटे पडू लागल्यावर, लसूण लावतात. पाकळ्या सुट्या करून ओळीने मातीत खोचायच्या आणि वर पेंढा पसरायचा; तो बर्फाखाली हिवाळा काढतो आणि पुढच्या जुलैत निघतो. हे काम बहुधा सदस्यांना बोलावून केले जाते, कारण त्याला कौशल्य कमी आणि हात पुष्कळ लागतात. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक तेव्हा मांडलेले नसते, वर्गणी कोणी भरलेली नसते, आणि वाकून पाकळ्या खोचणाऱ्यांपैकी पुढच्या वर्षी कोण सदस्य राहील हेही ठरलेले नसते. लसूण मात्र लावून होतो.